एल्फिन्स्टन साहेब आणि कागदाचं राज्य

भिगवणच्या बचत गटांच्या वतीनं आम्ही तुमच्याशी बोलतोय. आपल्या या मालिकेत आजवर आपण जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांच्या गोष्टी ऐकल्या. आज मात्र एका गोऱ्या साहेबाची गोष्ट सांगणार आहोत. त्याचं नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. नाव जिभेवर बसत नाही ना? आपल्या पूर्वजांच्याही बसत नव्हतं. जुन्या कागदांत त्याला ‘अलपिष्टन साहेब’ असं लिहिलेलं सापडतं.

तुम्ही म्हणाल, दोनशे वर्षांपूर्वीच्या साहेबाशी आम्हा बचत गटाच्या बायकांचं काय देणंघेणं? देणंघेणं आहे. पुण्यातली पेशवाई याच माणसाच्या डोळ्यांदेखत आणि बरीचशी त्याच्याच लेखणीनं संपली. त्यानंतर जो कारभार सुरू झाला, त्यातूनच पुढे आपल्या इंदापूर तालुक्यात जमिनीची पहिली पद्धतशीर मोजणी आली. आज आपण तलाठ्याकडून जो सातबारा आणतो, त्याची मुळं शोधत गेलं की वाट या साहेबाच्या दारावरून जाते.

तर हा एल्फिन्स्टन होता कंपनी सरकारचा वकील. इथं वकील म्हणजे कोर्टात काळा कोट घालून उभा राहणारा नव्हे. त्या काळी एका दरबारानं दुसऱ्या दरबारात आपला माणूस ठेवला की त्याला वकील म्हणत. तिथं राहायचं, गोड बोलायचं, कान उघडे ठेवायचे, आपल्या धन्याचं काम साधायचं आणि रोजची खबर लिहून पाठवायची, हे त्याचं काम. पेशव्यांचे वकील दिल्लीत होते, हैदराबादेत होते. इंग्रजांचा असा वकील मोठ्या दरबारात कायमचा राहू लागला, त्याला ते रेसिडेंट म्हणत.

एल्फिन्स्टनचा जन्म ६ ऑक्टोबर १७७९ चा, स्कॉटलंडमधला. घराणं उमरावांचं. वडील अकरावे लॉर्ड एल्फिन्स्टन. पण हा चौथा मुलगा. तिकडच्या उमरावांत रीत अशी, की गादी, जमीन, वाडा सगळं थोरल्याला. धाकट्यांनी लष्करात जावं, चर्चमध्ये जावं, नाहीतर कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात. मुलींच्या वाट्याला तर ती गादी क्वचितच यायची. म्हणजे कागदावर नाव नसलं की घरचं लेकरूसुद्धा परकं, हे तिकडेही होतंच.

त्याचा एक चुलता ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांपैकी होता. त्याच्या ओळखीनं पोराला कंपनीत कारकुनाची जागा मिळाली. १७९६ साली सोळा वर्षांचा हा मुलगा कलकत्त्याला उतरला. मग काशीला नेमणूक झाली. तिथं १७९९ च्या जानेवारीत अवधचा पदच्युत नबाब वजीर अली यानं इंग्रजांवर हल्ला केला. कंपनीचा बडा अधिकारी मारला गेला. हा तरणा कारकून घोड्यावरून पळाला म्हणून वाचला. राज्य घेणं सोपं दिसतं, पण त्या राज्यात आपण परके आहोत, हे त्याला विसाव्या वर्षाआधीच कळलं.

१८०१ साली त्याची नेमणूक पुण्याच्या रेसिडेंटाचा मदतनीस म्हणून झाली. रेसिडेंट होता कर्नल क्लोज. तो काळ मराठी राज्यातल्या भाऊबंदकीचा. १८०२ च्या दिवाळीच्या सुमारास यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ शिंदे आणि पेशवे यांच्या फौजा मोडल्या. दुसरा बाजीराव पुणं सोडून पळाला आणि वसईला इंग्रजांच्या आसऱ्याला गेला. तिथं ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यानं एका तहावर सही केली. इंग्रजांची फौज आपल्या मुलखात ठेवायची, तिच्या खर्चाला मुलूख तोडून द्यायचा, आणि इतर कोणाशीही बोलणी करायची तर आधी इंग्रजांना विचारायचं, असा तो तह. गरजेच्या वेळी घेतलेलं कर्ज आणि गरजेच्या वेळी केलेली सही, दोन्ही पुढे महागात पडतात. बाजीरावाला गादी परत मिळाली, पण गादीचं बळ त्या कागदावरच राहिलं.

तहाविरुद्ध शिंदे आणि नागपूरकर भोसले उठले. १८०३ च्या त्या लढायांत एल्फिन्स्टन जनरल वेलस्ली याच्यासोबत होता. असईच्या लढाईत, अडगावच्या लढाईत तो त्याच्या बाजूला घोड्यावर होता. तुझा पेशा चुकला, तू शिपाईच व्हायला हवा होतास, असं वेलस्ली त्याला म्हणाल्याचं सांगतात. लढाई संपली आणि १८०४ साली, वयाच्या पंचविशीत, तो नागपूरकर भोसल्यांच्या दरबारात रेसिडेंट झाला. तिथं चार वर्षं काढली. मग १८०८ साली कंपनीनं त्याला काबूलच्या राजाकडे वकील म्हणून धाडलं. युरोपात तेव्हा नेपोलियनचा जोर होता, आणि फ्रेंच इराणातून हिंदुस्थानावर येतील अशी इंग्रजांना धास्ती होती. १८०९ साली पेशावरात त्याची आणि शाह शुजाची भेट झाली, तहही झाला. पण थोड्याच दिवसांत शाह शुजाचीच गादी गेली. तह फुकट गेला, एल्फिन्स्टनचा अभ्यास मात्र फुकट गेला नाही. वाटेत भेटलेल्या व्यापाऱ्यांना, मुल्लांना, टोळीवाल्यांना विचारून त्यानं त्या मुलखाची बारीकसारीक माहिती लिहून काढली आणि १८१५ साली मोठं पुस्तक छापलं. विचारायचं आणि लिहून ठेवायचं, ही त्याची खोड होती. या खोडीनंच पुढे पुण्यात काम केलं.

१८११ साली तो पुण्याचा रेसिडेंट म्हणून आला. मुळा आणि मुठा जिथं मिळतात तिथं, संगमावर, त्याचा बंगला होता. तिथून निघालेलं पाणी पुढे भीमेला मिळतं आणि आपल्या भिगवणला उजनीच्या फुगवट्यात येऊन थांबतं. म्हणजे पाण्यानं तरी तो आपला शेजारीच. हा गृहस्थ पहाटे उठून पुस्तक घेऊन बसायचा. फारसी शिकलेला, ग्रीक आणि लॅटिन ग्रंथ वाचणारा. वेळ मिळाला की डुकराच्या शिकारीला जायचा. लग्न त्यानं शेवटपर्यंत केलं नाही. वागणं सौम्य. पण या सौम्य माणसाला शनिवारवाड्यात सकाळी काय बोलणं झालं ते संध्याकाळपर्यंत कळायचं. शहरातली माणसंच त्याला खबर पुरवायची. बाळाजीपंत नातू हे त्यातलं पुढे फार गाजलेलं नाव. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, म्हणतात ना, तसं झालं होतं.

मग आला १८१५ चा आषाढ. बडोद्याच्या गायकवाडांचे कारभारी गंगाधरशास्त्री पटवर्धन पेशव्यांशी हिशेबाची बोलणी करायला आले होते. त्यांच्या जिवाची हमी इंग्रजांनी घेतली होती. बाजीराव शास्त्रीबोवांना घेऊन पंढरपूरला गेला, आणि तिथं रात्री देवदर्शन करून परतताना शास्त्र्यांचा खून झाला. एल्फिन्स्टन तेव्हा वेरूळची लेणी पाहायला गेला होता. संशय गेला पेशव्यांचा लाडका कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच्यावर. आम्ही हमी दिलेला माणूस मारला, तेव्हा त्रिंबकजीला आमच्या हवाली करा, असा एल्फिन्स्टननं धोशा लावला. बाजीरावानं महिनोन्‌महिने टाळाटाळ केली, शेवटी दिला. त्रिंबकजीला ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं.

तिथली एक गोष्ट सांगतात. पहाऱ्याला सगळे गोरे शिपाई, मराठीचं अक्षर कळत नसलेले. खिडकीखाली एका साहेबाचा मोतद्दार घोडा चोळताना गाणं म्हणायचा, आणि त्या गाण्यातूनच आत बसलेल्या त्रिंबकजीला पळून जायचा बेत कळायचा. खरं-खोटं त्या भिंतींना माहीत. पण सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी पळाला, हे खरं. भाषा येणाऱ्याच्या हाती सत्ता आणि न येणाऱ्याच्या डोळ्यांत धूळ. एल्फिन्स्टनला हे पक्कं माहीत होतं, त्याच्या पहारेकऱ्यांना नव्हतं.

आता साहेबानं दोर आवळला. पुण्याला फौजेचा वेढा घातला आणि १३ जून १८१७ रोजी बाजीरावाकडून दुसऱ्या तहावर सही घेतली. मराठी राज्याचं मुख्यपण सोडायचं, आणखी मुलूख द्यायचा, परक्या दरबारांत वकील ठेवायचे नाहीत. सिंहगड, पुरंदर, रायगड हे किल्ले तारण म्हणून आधीच मागून घेतले होते. तारण हा शब्द आपल्या कानाला किती ओळखीचा आहे बघा. बायका दागिना तारण ठेवतात, शेतकरी जमीन ठेवतो, बाजीरावानं रायगड ठेवला.

अपमान सोसवेना, तेव्हा बाजीरावानं लढायचं ठरवलं. ५ नोव्हेंबर १८१७ ला मराठी फौज चालून येताना दिसली. एल्फिन्स्टन संगमावरचा बंगला सोडून, नदी ओलांडून खडकीला आपल्या फौजेत गेला. मागे बंगला पेटवला गेला. त्यात त्याची पुस्तकं, कागद, सगळं जळालं. खडकीच्या मैदानात इंग्रजांची फौज सुमारे २,८०० होती, मराठ्यांची त्याच्या कित्येक पटींनी जास्त. सेनापती बापू गोखले मर्दासारखा लढला, मोरोपंत दीक्षित पडला, पण चालून गेलेले घोडे मधल्या दलदलीत रुतले आणि दिवस हातचा गेला. बाजीराव पर्वतीवरून बघत होता. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण लागलं. ते नातूंनी लावलं, असं इतिहास सांगतो. पुढे फेब्रुवारी १८१८ मध्ये मोहोळजवळच्या आष्टीला बापू गोखले कामी आला आणि साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. जूनमध्ये बाजीराव शरण गेला आणि वर्षाला आठ लाखांची नेमणूक घेऊन कानपूरजवळ ब्रह्मावर्ताला जाऊन राहिला.

तलवारीचं काम संपत आलं तशी साहेबानं लेखणी उचलली. ११ फेब्रुवारी १८१८ रोजी त्यानं साताऱ्याहून जाहीरनामा काढला. बाजीरावाचं राज्य गेलं, छत्रपतींसाठी साताऱ्याचं छोटं राज्य राखू, कोणाच्या धर्मात हात घालणार नाही, वतनं, इनामं, वर्षासनं चालू राहतील, मक्तेदारी बंद होईल, असा त्याचा मतलब. लोकांना लढाईपेक्षा या कागदानं जास्त गप्प केलं. देऊळ राहणार, वतन राहणार, मग धनी कोणी का असेना, असं पुष्कळांना वाटलं.

यातली मक्तेदारीची गोष्ट आपण नीट समजून घेऊ. शेवटच्या बाजीरावाच्या काळात महालाचा वसूल लिलावानं दिला जायचा. जो जास्त बोली लावेल त्याला मक्ता. मग तो मक्तेदार भरलेले पैसे वर्षभरात कुणब्याच्या पाठीवरून काढायचा. एल्फिन्स्टन १८१८-१९ साली दख्खनचा कमिशनर झाला आणि त्यानं ही रीत मोडली. पाटील-कुलकर्ण्यांमार्फत, जमीन बघून वसूल घ्यायचा, असं ठरवलं. १८१९ साली त्यानं जिंकलेल्या मुलखाचा मोठा अहवाल लिहिला. आपल्या गावगाड्याचं, पाटलाचं, बलुतेदारांचं, पंचायतीचं इतकं बारीक वर्णन त्यात आहे की आजही अभ्यासकांना ते वाचावं लागतं. गावातले तंटे पंचायतीनं मिटवावेत, बंगालसारखी अदालतं इथं घाईनं आणू नयेत, असं त्याचं मत होतं.

त्या अहवालात तकाज्याचीही माहिती आहे. तेव्हा सावकाराला वसुली करायची तर तो स्वतः कुळाच्या दारात धरणं धरून बसायचा, त्याला जेवू द्यायचा नाही, स्वतःही उपाशी राहायचा. रीत त्रासाची होती, पण एक गोष्ट ध्यानात घ्या. सावकारालाही उपास पडायचा, आणि सगळा गाव बघत असायचा. सरकारचा शिपाई जप्तीचा कागद घेऊन येत नव्हता.

१ नोव्हेंबर १८१९ ला एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला आणि आठ वर्षं त्या जागेवर होता. या काळातलं त्याचं मोठं काम शिक्षणाचं. १८२१ साली पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली, तिला पेशव्यांच्या दक्षिणेच्या पैशाचा आधार दिला. १८२२ साली मुंबईत शाळा आणि शाळेची पुस्तकं यांसाठी मंडळी निघाली, तिचा तो अध्यक्ष. मराठीत गणिताची, भूगोलाची पुस्तकं छापली जाऊ लागली. अशाच मराठी पुस्तकांचा ढीग त्याच्या तंबूत पाहून ब्रिग्ज नावाच्या अधिकाऱ्यानं विचारलं, हे कशाला? तो म्हणाला, इथल्या लोकांना शिकवायला. आणि पुढे असंही म्हणाला, की आमची मायदेशी परतायची वाटही हीच आहे. म्हणजे शिकलेली माणसं आम्हाला इथं राहू देणार नाहीत, हे त्याला दिसत होतं, आणि तरी तो पुस्तकं छापत होता. तो परत गेला तेव्हा मुंबईकरांनी वर्गणी काढली, त्यातून पुढे एल्फिन्स्टन कॉलेज उभं राहिलं. दादाभाई नौरोजी, न्यायमूर्ती रानडे तिथंच शिकले आणि इंग्रजांना जाब विचारू लागले. साहेबाचं भाकीत साहेबाच्याच नावाच्या कॉलेजातून खरं होऊ लागलं.

पण मैत्रिणींनो, या शिक्षणाच्या पंक्तीत आपलं पान नव्हतं. आणि खालच्या मानलेल्या जातींपासून शिक्षण सुरू केलं तर वरच्या जाती त्याकडे पाठ फिरवतील, असा इशारा त्यानं स्वतःच लिहून ठेवला होता. सतीची चाल त्याच्या कारकिर्दीत चालूच होती. पुण्याच्या आसपास बायका चितेवर जात होत्या. त्याला ती वाईट वाटत होती, पण धर्मात हात घातला तर लोक उठतील या भीतीनं त्यानं बंदी घातली नाही. बंगालात १८२९ साली बेंटिंकनं बंदी केली, आपल्या मुंबई इलाख्यात १८३० साली आली, तोवर एल्फिन्स्टन निघून गेला होता. जाहीरनाम्यात इनामदाराचं इनाम सुरक्षित झालं. विधवेचा जीव त्या यादीत नव्हता. मुलींची शाळा म्हणाल, तर मुंबईत १८२४ साली अमेरिकन मिशनऱ्यांनी एक काढली, आणि पुण्यात भिडेवाड्यात जोतिराव-सावित्रीबाईंनी १८४८ साली काढली. राज्यकर्ता कितीही वाचणारा असला तरी आपल्यासाठी आपलीच माणसं उभी राहावी लागली.

१८२७ साली त्यानं मुंबई इलाख्याचे कायदे एकत्र करून लागू केले. एल्फिन्स्टनचा कायदा म्हणून ते ओळखले जातात. त्याच वर्षी तो गेला. पुढे हिंदुस्थानचं गव्हर्नर जनरलपद त्याला दोनदा देऊ केलं, दोन्ही वेळा त्यानं नाही म्हटलं. प्रकृतीही साथ देत नव्हती. घरी बसून त्यानं हिंदुस्थानचा इतिहास लिहिला, तो १८४१ साली छापला. २० नोव्हेंबर १८५९ रोजी, ऐंशी वर्षांचा होऊन, तो इंग्लंडात वारला. जाता जाता एक सांगतो. मुंबईतलं एल्फिन्स्टन रोड स्टेशन, ज्याचं २०१८ साली प्रभादेवी झालं, ते याच्या नावाचं नव्हतं. ते नाव होतं त्याच्या पुतण्याचं. तोही मुंबईचा गव्हर्नर होता. उमरावांच्या घरात नोकऱ्याही वारशानं आल्यासारख्याच येत.

साहेब गेला, पण त्यानं घातलेल्या पायावर पुढचं बांधकाम आपल्या तालुक्यात झालं. १८२८ ते १८३० च्या सुमारास पुण्याचा असिस्टंट कलेक्टर प्रिंगल यानं जमिनींची मोजणी केली. खर्च वजा जाता शेतात जे उरेल, त्याच्या शंभरातले पंचावन्न भाग सरकारचे, असा त्याचा हिशेब. कागदावर हिशेब पक्का होता. पण मोजणी चुकीची, मोजणारे कारकून लाचखाऊ, धान्याचे भाव पडलेले, आणि पाऊस तर आपल्याकडे कधीच कागद वाचून पडत नाही. इंदापूर भागात जमिनी पडीक पडल्या, माणसं गावं सोडून गेली. शेवटी १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोन अधिकारी आले. त्यांनी साखळी टाकून शेत अन्‌ शेत पुन्हा मोजलं, मातीचा रंग आणि खोली बघून प्रत लावली, दर शेताला नंबर दिला आणि सारा बराच कमी करून तीस वर्षांसाठी ठरवून दिला. १८३६ साली हा बंदोबस्त पहिल्यांदा लागू झाला तो आपल्या इंदापूरला. इथं तो जमला म्हणून सगळ्या मुंबई इलाख्यात गेला. सर्व्हे नंबर, आकार, खातेदार हे सातबाऱ्यावरचे शब्द या घरातले. त्या साखळीनं मोजलेल्या कितीतरी जमिनी आज उजनीच्या पाण्याखाली आहेत आणि त्यांच्यावर थंडीत रोहित पक्षी उतरतात.

शेत नंबरावर आलं, खातेदाराच्या नावावर झालं, म्हणजे ते गहाण टाकता येऊ लागलं. आणि पंचायतीच्या जागी कोर्ट आलं. एल्फिन्स्टनला जी भीती वाटत होती तेच झालं. सावकाराला आता कुळाच्या दारात उपाशी बसायची गरज उरली नाही. रोखा दाखवला की कोर्ट हुकूम देई. १८५९ साली कायदा झाला, की रोख्याची मुदत तीनच वर्षं. केला होता कुळाच्या भल्यासाठी. सावकारांनी काय केलं? दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घ्यायचा आणि खाली कुळाचा अंगठा. त्यात १८६७ साली इंदापूरची तीस वर्षं संपली आणि सारा वाढला. अमेरिकेतल्या युद्धामुळे कापसाला चढलेला भाव युद्ध संपताच पडला होता. मग १२ मे १८७५ रोजी आपल्या बारामतीजवळच्या सुप्याला आसपासच्या गावांतले शेतकरी जमले. त्यांनी सावकारांकडे वह्या आणि रोखे मागितले आणि ते भर बाजारात जाळले. तिथून हा वणवा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. सरकारला १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला. सुप्याच्या त्या लोकांचा राग माणसांपेक्षा कागदावर होता, हे फार बोलकं आहे. ज्यात काय लिहिलंय ते आपल्याला वाचता येत नाही, पण ज्यावर आपला अंगठा आहे, असा तो कागद.

मग एल्फिन्स्टन चांगला की वाईट? आमच्या गटात यावर दोन तट पडले. एक बाजू म्हणाली, गोड बोलून घर बुडवणारा तो. दुसरी म्हणाली, मक्तेदारी मोडली, पुस्तकं छापली, ते कसं विसरायचं? आम्हाला वाटतं दोन्ही खरं आहे. माणूस सभ्य होता आणि ज्याचं काम करत होता त्या कंपनीचं पोट मोठं होतं. त्याच्याकडून घेण्यासारखं एकच. तो न वाचता सही करत नव्हता, न विचारता मत बनवत नव्हता, आणि पाहिलेलं लिहून ठेवल्याशिवाय झोपत नव्हता. बाजीरावाकडे वाडा होता, फौज होती, पर्वती होती. पण दोन्ही मोठ्या कागदांवर त्यानं सही केली ती पाण्यात गळा बुडालेला असताना.

आजही आपल्या दारात कागद येतोच. गटाचं कर्ज असेल, खाजगी फायनान्सचं असेल. पानं भराभर उलटली जातात आणि बोट ठेवून सांगितलं जातं, ताई, इथं सही, इथं सही. आमच्या भागातल्या एका ताईंनी दुसरीच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली होती. आपण जामीन आहोत हे त्यांना पहिला हप्ता चुकल्यावर कळलं, आणि तोही शेजारणींसमोर. म्हणून आमच्या गटांनी नियम केला आहे. कोणताही कागद आधी बैठकीत मोठ्यानं वाचायचा. व्याजाचा दर, हप्ते किती, चुकलं तर काय, जामीन कोण, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय पेन उघडायचं नाही. वाचून दाखवायला वेळ नाही म्हणणाऱ्याला आमच्याकडेही सहीला वेळ नसतो.

दुसरी गोष्ट सातबाऱ्याची. १८३६ साली शेताला नंबर मिळाला, खातेदाराचं नाव लागलं, आणि शेतात वाकून राबणारी बाई त्या रकान्यात आली नाही. उजनीत जमिनी गेल्या तेव्हा ज्याचं नाव कागदावर, त्यालाच मोबदला आणि त्यालाच बदली जमीन. नाव नसलेल्या बाईला घर बदललेलं तेवढं कळलं. आता कायदा आपल्या बाजूनं आहे. १९९२ पासून महाराष्ट्रात लक्ष्मीमुक्ती योजना आहे, नवऱ्यानं अर्ज केला की बायकोचं नाव सातबाऱ्यावर लागतं. २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला आहे. कायदा आहे, पण तो आपण होऊन तलाठ्याकडे चालत जात नाही. त्याला हाताला धरून न्यावं लागतं.

तेव्हा मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या घरचा सातबारा आणि आठ-अ घेऊन यायचं. वाचता येणारीनं न येणारीला वाचून दाखवायचा. गट नंबर कोणता, क्षेत्र किती, आकार किती, बोजा कोणाचा, आणि खातेदारांच्या नावांत आपलं नाव आहे का. नसेल तर का नाही, हा प्रश्न त्या रात्री जेवताना घरात निघू द्या. भांडण म्हणून नव्हे, हिशेब म्हणून. गटाच्या इतिवृत्तात प्रत्येकीच्या नावापुढे ‘नाव आहे’ किंवा ‘नाव नाही’ एवढंच लिहून ठेवा. सहा महिन्यांनी ते पान पुन्हा उघडू आणि किती ‘नाही’ची ‘आहे’ झाली ते मोजू.